आंबवणाची मालकी कोणाची?

पोट ही आजवर श्रमजीवी माणसाची चिंता होती. अलीकडे ती सुखवस्तू माणसाची आवड झाली आहे. शहरातील दुकानांच्या थंडगार कपाटांतून ‘प्रोबायोटिक’ दही, कोम्बुचा, केफिर, किमची अशा वस्तूंच्या रांगा लागल्या आहेत आणि आतड्यातील जिवाणूंची काळजी घेणे हे सुशिक्षितपणाचे लक्षण मानले जाऊ लागले आहे. मुंबई-गोवा महामार्गाने ही लाट पेणपर्यंत आणि कोलादच्या फाट्यावरून रोह्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. ज्या मुलखात नाचणीची आंबील, ताकातला शिळा भात, आंबोळी आणि ताडी यांना कोणी कधी ‘आरोग्यपेय’ म्हटले नाही, त्याच मुलखाला आता आंबवलेल्या अन्नाचे महत्त्व बाटलीवरच्या चिठ्ठीतून शिकवले जात आहे. शिकवण्यास हरकत नाही. प्रश्न असा की, हे ज्ञान ज्यांच्या घरात होते त्यांच्या घरातून ते गेले कसे, कोणी नेले, आणि आता ते कोणत्या भावाने परत विकले जात आहे?

या प्रश्नाला बगल देणारे दोन पक्ष आहेत. एक पक्ष बाजाराचा. त्याच्या मते आरोग्य ही वैयक्तिक खरेदीची बाब आहे. ज्याला निरोगी आतडे हवे त्याने बाटली घ्यावी. दुसरा पक्ष परंपरेच्या भाबड्या भक्तांचा. त्याच्या मते पूर्वजांना सर्व ठाऊक होते, ताडी हे औषध होते, आणि घरोघर पुन्हा मडकी मांडली की रोगराई पळेल. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: पाणी, मजुरी, जमीन आणि कायदा यांचा पोटाशी संबंध नाही. हा संबंध दाखवून देणे हे समाजवादी विचाराचे काम आहे.

प्रथम विज्ञान काय म्हणते ते पाहू. आंबवण म्हणजे सूक्ष्म जीवांनी माणसाच्या आधी अन्नावर केलेले काम. दुधातील किंवा पिठातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू अन्न आंबट करतात. त्या आंबटपणात रोगजंतूंना वाढणे कठीण होते. धान्यातील फायटेट कमी होते आणि त्याने अडवून धरलेले लोह व जस्त शरीराला अधिक मिळू लागते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. हे धान्य रात्रभर भिजवून, आंबवून, मग शिजवून त्यात ताक घालण्याची जी रीत कोकणात व देशावर होती, ती पोषणशास्त्राच्या कसोटीवर उत्तम उतरते. शिजवताना पिठातील जिवाणू मरतात, पण अन्नात घडलेला बदल टिकतो; आणि वरून घातलेल्या ताकाबरोबर जिवंत जिवाणूही पोटात जातात. ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेने शोधून काढलेली नाही.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील रशियन शास्त्रज्ञ एली मेच्निकोव्ह यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी; परंतु लोकांच्या स्मरणात ते राहिले बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबट दुधाशी जोडल्यामुळे. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३५ साली याच कल्पनेची बाटली बाजारात आणली. मात्र पुराव्यांची चाळण लावली की दाव्यांचा बराचसा कोंडा उडून जातो. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेने जिवंत जिवाणूंच्या नावाने केलेले बहुतेक सर्व आरोग्यविषयक दावे पुराव्याअभावी अमान्य केले. २०१० साली तिने जो दावा मान्य केला तो अगदी साधा होता: दह्यातील जिवाणूंमुळे, ज्यांना दुधातील साखर पचत नाही त्यांना ती पचवणे सुलभ होते. म्हणजे मान्यता मिळाली ती कोणत्याही नामांकित पेयाला नव्हे, साध्या दह्याला!

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेला प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे भरपूर आंबवलेले अन्न खाणाऱ्यांच्या आतड्यातील जिवाणूंचे वैविध्य वाढले आणि रक्तातील दाहदर्शक १९ प्रथिनांचे प्रमाण घटले. प्रयोग लहान आहे, त्यावरून ढोल पिटण्याचे कारण नाही. तथापि दिशा स्पष्ट आहे. याहून महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात, ओडिशाच्या ग्रामीण भागात झाला. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेचार हजारांहून अधिक नवजात अर्भकांवर केलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम हा जिवाणू व त्याला पोसणारी शर्करा आठवडाभर दिल्याने रक्तदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हा जिवाणू आंबवलेल्या भाज्यांत व धान्यात जगभर आढळणाऱ्या जातीचा आहे, आणि उपचाराचा खर्च किरकोळ आहे. ज्या शोधाने गरिबाचे मूल वाचू शकते त्याची जाहिरात कुठल्याही चौकात दिसत नाही. ज्याने श्रीमंताचे पोट हलके वाटते त्याची जाहिरात मात्र दर दहा मिनिटांनी दिसते. बाजाराचे विज्ञान आणि लोकांचे विज्ञान यांतील फरक तो हाच.

आता इतिहास. कुलाबा जिल्ह्याचे ‘रायगड’ असे नामांतर १९८१ साली झाले. परंतु कुलाबा या नावाने या जिल्ह्याने आंबवणापायी जे सोसले ते विसरण्याजोगे नाही. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा केला. त्यापूर्वी समुद्राकाठी माडाची माडी, ताडाची ताडी आणि आतल्या डोंगरपट्टीत शिंदीचा रस काढणे हा भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा होता. ताडी ही टिकणारी वस्तू नव्हे. पहाटे उतरवलेला गोड रस दुपारपर्यंत आंबतो, संध्याकाळपर्यंत चढतो आणि पुढे त्याचा शिरका होतो. त्यातील मद्यार्काचे प्रमाण साधारणतः चार-पाच टक्के. ती दूर नेता येत नाही, साठवता येत नाही. म्हणून तिच्यावर देखरेख ठेवणेही अवघड आणि तिची मक्तेदारी उभी करणेही अवघड. उलट, मोहाची गाळलेली दारू टिकते, पिंपात भरता येते, मोजता येते, मक्त्याने देता येते. ती गाळण्याच्या मोठ्या भट्ट्या उरणला होत्या आणि त्यांसाठी मोहफुले पंचमहालातून आगगाडीने येत.

सरकारच्या तिजोरीला कोणता पदार्थ प्रिय होणार हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मोठ्या मक्तेदारांच्या भट्ट्यांना हक्क दिले गेले आणि ताडीच्या झाडामागची पट्टी इतकी चढवली गेली की सौम्य पेय महाग व्हावे आणि तीव्र पेय त्याच्या तोडीला यावे. १८८० च्या दशकात भंडाऱ्यांनी याविरुद्ध आवाज उठवला. सरकारचे उत्तर अधिक कडक अंमलबजावणीचे होते. पुढे १८९२ साली मोहफुलांचा खास कायदा आला आणि ठाणे-कुलाब्याच्या आदिवासींवर फुले गोळा करण्याच्या, बाळगण्याच्या, विकण्याच्या बाबतीत निर्बंध आले. मोहफूल हे केवळ दारूचे द्रव्य नव्हते. कातकरी आणि ठाकूर यांच्या घरात ते उन्हाळ्याचे अन्न होते. सरकारने अन्नाला संशयित ठरवले आणि जंगलाच्या लेकरांना चोर. मोहफुलांवरचे निर्बंध उठवण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो २०२१ साली. सव्वाशे वर्षे एका फुलाने आरोपीच्या पिंजऱ्यात काढली!

येथे नियम म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जे अन्न घरी बनते, लवकर नासते आणि शेजारच्याला वाटले जाते, ते राज्यसंस्थेला आणि भांडवलाला दिसत नाही. ते दिसण्यासाठी त्याला टिकाऊ व्हावे लागते, बाटलीत शिरावे लागते, चिठ्ठी लावून घ्यावी लागते. टिकाऊपणा ही करपात्रतेची पहिली पायरी आणि नफ्याची दुसरी. चार-पाच टक्क्यांच्या ताडीच्या जागी बेचाळीस टक्क्यांहून अधिक मद्यार्काची बाटली आली ती लोकांची चव बदलली म्हणून नव्हे. महसुलाची आणि मक्तेदारीची सोय म्हणून.

स्वातंत्र्याच्या चळवळीने हा डाव ओळखला होता. टिळकांनी १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधने उभी केली. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी आणली. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. सद्हेतूबद्दल शंका नाही. परंतु कायद्याचा वरवंटा सरसकट फिरला. झाडावरून उतरलेली माडी आणि कारखान्यातून आलेली दारू यांना त्याने एकाच तागडीत तोलले. नीरा तेवढी परवान्याने वाचली. पुढे साठच्या दशकात बंदी सैल झाली, आणि सैल झाली ती कोणासाठी? परवाना काढू शकणाऱ्यांसाठी. कायद्याच्या नावात आजही ‘दारूबंदी’ आहे आणि त्याच कायद्याच्या छत्राखाली राज्याच्या तिजोरीत वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपयांचा उत्पादन शुल्काचा महसूल जमा होतो. ताकाला जाऊन भांडे लपवावे, तसे हे राज्य दारूच्या पैशाला जाते आणि बंदीची पाटी पुढे धरते.

या राज्याचे अलीकडचे निर्णय ओळीने मांडले तर धोरण आपोआप दिसते. २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आले आणि वाइनला शुल्कात सवलत मिळाली. २००७ च्या सुमारास धान्यापासून मद्य गाळणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे ठरले. ज्या राज्यात मुले कुपोषणाने दगावत होती त्याच राज्यात ज्वारी गाळण्यासाठी सरकारी पैसा! २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. लोकविरोधामुळे तो बारगळला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरील शुल्क वाढवताना ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्याधारित मद्याचा नवा वर्ग निर्माण केला आणि या सर्व उपायांतून चौदा हजार कोटींच्या वाढीव महसुलाची अपेक्षा व्यक्त केली. सरकारे बदलली, झेंडे बदलले. धान्याचा रस्ता मात्र भट्टीकडेच वळत राहिला. नाचणीपासून आंबील व्हावी म्हणून एवढी आस्था एकाही मंत्रिमंडळाने दाखवलेली नाही.

आता परंपरेच्या भक्तांना उत्तर दिले पाहिजे. ताडी हे औषध नव्हे. तिच्यात यीस्ट आणि लॅक्टिक आम्लाचे जिवाणू असतात हे खरे, काही जीवनसत्त्वे असतात हेही खरे. परंतु तिच्यात मद्यार्क असतो आणि मद्यार्क हा कर्करोगकारक पदार्थ आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले आहे. मद्यपानाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. शिवाय ताडीच्या नावाने जे विकले जाते त्यात क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची रसायने मिसळली जातात हे महाराष्ट्रातील पोलिसांच्या कारवायांतून वेळोवेळी उघड झाले आहे. मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती सर्व गरीब वस्तीतली होती. नवऱ्याच्या दारूने ज्या बाईचे आयुष्य करपले तिच्यापुढे ताडीतील जिवाणूंची महती गाणे हा निर्दयपणा आहे. शहाद्याच्या आदिवासी स्त्रियांनी १९७२-७३ मध्ये दारूची मडकी फोडली, गडचिरोलीच्या जनतेने १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी मिळवली, गावोगावच्या स्त्रियांनी मतदानात ‘आडवी बाटली’ निवडली. हा वारसा समाजवादी चळवळीचा आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही.

पण दारूला विरोध म्हणजे आंबवणाला विरोध नव्हे. आंबील, ताक, कांजी, आंबोळी यांना ‘गरिबाचे’, ‘शिळे’, ‘हलके’ म्हणून हिणवण्याची जी सवय मध्यमवर्गाने लावली आणि शाळेत गेलेल्या पोरांनी उचलली, तिच्याकडे चळवळीनेही काणाडोळा केला. शिळा भात ताकात कालवून खाणारा मजूर मागासलेला ठरला आणि आता तोच भात परदेशी पाहणीचा हवाला घेऊन सन्मानाने परततो आहे. मजुराला तो सन्मान कधी मिळाला नाही, भाताला मिळाला!

ही झाली मानाची गोष्ट. खरा प्रश्न त्याहून खोल आहे. आंबवण्यासाठी काय लागते? एक मडके, थोडे धान्य, स्वच्छ पाणी आणि एक रात्र. रात्र म्हणण्याचे कारण असे की, संध्याकाळी भिजवलेले सकाळी त्याच चुलीपाशी सापडले पाहिजे. पेण आणि रोहा तालुक्यांतील कातकरी कुटुंब दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघते आणि पावसाच्या तोंडाला परतते. उचल आधीच घेतलेली असते. ती फिटेपर्यंत पायात बेडी. भट्टीवर झोपडे असते, घर नसते; रेशनचे धान्य गावी, माणसे परमुलखात. या बाईला नाचणी आंबवण्याचे आरोग्यदायी फायदे सांगणारी व्यक्ती कितीही विद्वान असो, तिने आधी त्या बाईची रात्र कोणाच्या मालकीची आहे हे विचारले पाहिजे. वेठ आणि आंबवण एका झोपड्यात नांदत नाहीत.

धान्याचेही तेच. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकत. त्या जमिनींपैकी कित्येक आता फार्महाउसच्या कुंपणात गेल्या. उरलेल्या शेतकऱ्याला नाचणी परवडत नाही. केंद्राने २०२५-२६ साठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर केला. पण हमीभाव छापून येतो कागदावर, आणि नाचणी विकली जाते व्यापाऱ्याच्या काट्यावर. पिकवणाऱ्याच्या दाराशी खरेदी केंद्र नसेल तर हमीभाव ही केवळ वाचायची गोष्ट उरते. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ‘श्री अन्न’ म्हणून नाचणीची आरती झाली. आरती संपली आणि नाचणीची बिस्किटे तेवढी दुकानात उरली.

ताकाची कहाणीही निराळी नाही. ज्या घरात दुभते असे त्या घरातून शेजारपाजारला ताक फुकट जात असे. ताक विकणे हे कमीपणाचे मानले जाई. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली. तिने शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दूध डेअरीला गेले की घरात विरजण उरत नाही आणि विरजण नाही तर ताकही नाही. ज्याच्या घरी म्हैस नव्हती त्या भूमिहीनाला फुकट मिळणारे हे एकमेव दुग्धान्न कोणत्याही ताळेबंदात नोंदले न जाता नाहीसे झाले. त्यावर कळस म्हणजे १८ जुलै २०२२ पासून वेष्टनात बंद केलेल्या दही, ताक व लस्सीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला. जे कधी वाटले जात होते ते आधी विकाऊ झाले, मग करपात्र झाले.

आणि पाणी! आतड्याच्या आरोग्याचा विचार पाण्याशिवाय करणे म्हणजे मुळावर घाव घालून पानांना पाणी घालणे आहे. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. आणि त्याच तालुक्याच्या खारेपाटातील वाशी-शिर्की भागातल्या बायांना उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण करावी लागल्याच्या कहाण्या वर्षानुवर्षे ऐकू येतात. रोह्यात कुंडलिका आहे, आणि धाटावची औद्योगिक वसाहतही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तिच्यात कुंडलिकेचे नाव होते. दूषित पाणी पिणाऱ्या मुलाचे आतडे वरचेवर सुजते, अन्न शोषून घेणारे त्याचे अस्तर झिजते, आणि मग पोटात गेलेला घासही अंगी लागत नाही. अशा मुलाला जिवाणूंची बाटली पाजणे म्हणजे फुटक्या रांजणात अत्तर ओतणे.

त्या मुलासाठी शासन किती खर्च करते? अंगणवाडीतील सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलाच्या पूरक आहारासाठी केंद्राने २०१७ साली दिवसाला ८ रुपयांचा दर ठरवला. शहरातील एका कुटुंबाने सकाळी रिचवलेली प्रोबायोटिक पेयाची एक लहानशी बाटली या ८ रुपयांत येत नाही. एका बाजूला एका घोटाची किंमत, दुसऱ्या बाजूला एका मुलाचा दिवस. विषमतेचे याहून नेमके परिमाण कोणत्या नियोजन मंडळाने काढले आहे?

मालकीचा प्रश्न येथेच संपत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली आनंद चक्रवर्ती यांच्या खटल्यात माणसाने घडवलेल्या जिवाणूवर एकस्व देता येते असा निर्णय दिला. जागतिक व्यापार कराराच्या दडपणाखाली भारताने २००२ साली एकस्व कायद्यात दुरुस्ती करून सूक्ष्म जीवांसाठी वाट मोकळी केली. निसर्गात जसा सापडतो तसा जिवाणू कोणाच्या नावावर करता येत नाही, हे खरे. पण त्यात थोडा फेरफार, त्याच्या वापराची विशिष्ट पद्धत, त्याचे विशिष्ट मिश्रण यांच्या आडून मालकी शिरू शकते. आदिवासी पाड्यावरच्या मडक्यातून उचललेला जिवाणू उद्या कोणाच्या नावे लागला तर पाड्यावर काय येईल? जैवविविधता कायदाही २००२ चाच आहे. त्याने ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. या नोंदवह्यांत झाडे, पाखरे, मासे यांची नावे येतात. आंबवण्याच्या रीती, विरजणे आणि आंबवणे यांची नोंद क्वचितच कोणी करते. नोंद नसेल तर उद्या हक्क सांगायला पुरावा नसेल.

म्हणून पेण व रोहा तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे काम आहे आणि ते भाषणांचे नाही. पहिली मागणी पाण्याची: धरण ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचा पहिला हंडा, आणि कारखान्याचे सांडपाणी ज्या नदीत जाते तिच्या पाण्याची तपासणी जाहीर फलकावर. दुसरी मागणी अन्नाची: पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत आणि तालुक्यांतील अंगणवाड्यांत आठवड्यातून काही दिवस ताज्या ताकातील नाचणीची आंबील द्यावी, त्यासाठी नाचणी जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून हमीभावाने घ्यावी, ती शिजवण्याचे काम स्थानिक बचत गटांना द्यावे आणि ८ रुपयांचा दर महागाईला जोडावा. अतिसाराच्या मुलाला मीठ घातलेले ताक आणि भाताची पेज देण्यास डॉक्टर सांगतातच. हे अन्न घरात असणे हीच निम्मी चिकित्सा आहे. तिसरी मागणी श्रमाची: वीटभट्टीवर रेशन, अंगणवाडी आणि पिण्याचे पाणी पोहोचलेच पाहिजे, आणि उचलीच्या बेडीविरुद्ध १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा वापरलाच पाहिजे. चौथी मागणी हक्काची: नीरा व ताडगूळ यांसाठी झाडे छेवणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना परवाना सुलभ करावा, मोहफुलांची खरेदी आदिवासींच्या संस्थांमार्फत व्हावी, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत आंबवण्याच्या रीतींची नोंद व्हावी.

या मागण्या लहान आहेत, असे कोणी म्हणेल. क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांना आंबिलीच्या वाटीवरून मोर्चा काढणे कमीपणाचे वाटेल. त्यांनी कुलाबा जिल्ह्याचा इतिहास पुन्हा वाचावा. चरीच्या कुळांनी १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो संप सुरू केला तोही ‘शेतात किती पिकले आणि घरात किती उरले’ एवढ्याच प्रश्नावर होता. तो सहा वर्षे चालला. घरात उरणाऱ्या धान्याचा हिशेब मागणे हीच या मातीतील लढ्याची रीत आहे; ते धान्य कोणत्या पाण्यात भिजते, कोणत्या मडक्यात आंबते आणि कोणाच्या मुलाच्या पोटात जाते हे विचारणे ही त्या हिशेबाचीच पुढची ओळ होय.

आतड्यातील जिवाणूंना जात नसते, वर्ग नसतो. जे पोटात येईल त्यावर ते जगतात. वर्ग असतो तो पोटात काय येईल हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला. ती व्यवस्था तशीच ठेवून पोटाची काळजी वाहणाऱ्यांना बाटल्यांचा व्यापार लखलाभ असो. आश्रमशाळेच्या पानात आंबील येईपर्यंत आणि खारेपाटाच्या नळाला हेटवण्याचे पाणी येईपर्यंत कार्यकर्त्यांना मात्र उसंत नाही.